दंत-आणीबाणी
दात, हिरड्या वा जबड्याच्या ज्या दुखण्यात विलंब झाल्यास दात किंवा जीवच धोक्यात येतो, ती दंत-आणीबाणी. कुस्तीत वा दुचाकीच्या अपघातात कायमचा दात मुळासकट निखळल्यास मुळाला हात न लावता तो वरून धरावा, हलकेच धुऊन खोबणीत बसवावा; न जमल्यास दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. जबड्याखाली पसरणारी सूज, ताप, गिळताना वा श्वास घेताना होणारा त्रास ही सर्वांत गंभीर लक्षणे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सातारा-सांगलीकडे मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावून दाताचा ठणका दाबतात. त्याने संसर्ग मुळीच थांबत नाही. सांगली व कराड येथे दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.