अस्थि-रीमर व रुग्ण-हाताळणी साधने

हाडातील मज्जेची पोकळी किंवा सांध्याची खोबण ठराविक मापापर्यंत कोरून रुंद करणाऱ्या फिरत्या हत्याराला अस्थि-रीमर म्हणतात. यंत्रशाळेत आधी पाडलेले भोक अचूक मापाचे करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या रीमरचेच हे रूपांतर होय. मात्र धातूवर चालणारे हत्यार सजीव हाडात चालविताना उष्णता, दाब आणि रक्तपुरवठा हे तीन नवे प्रश्न उपस्थित होतात व त्यांची उत्तरे शोधण्यातच या उपकरणाचा बहुतेक इतिहास सामावलेला आहे. रुग्णास उचलणे, कुशीवर वळविणे, शस्त्रक्रियेच्या मेजावर विशिष्ट स्थितीत धरून ठेवणे यांसाठी लागणाऱ्या सामग्रीस रुग्ण-हाताळणी साधने म्हणतात. ही दोन्ही साधने अस्थिशल्यचिकित्सेच्या गरजेतून बरोबरीनेच वाढली आणि पुष्कळदा त्यांचे निर्माते एकच होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हाडाच्या शस्त्रक्रियेतील हत्यारे सुताराच्या हत्यारांहून फारशी निराळी नव्हती. करवत, पटाशी, हातोडा व हाताने फिरविण्याचे गिरमिट एवढ्यावर काम भागे. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद फ्रेड आल्बी (१८७६–१९४५) यांनी विद्युत् चलित्रावर चालणारी जुळी करवत वापरात आणली. तिच्या साहाय्याने नडगीच्या हाडाची नेमक्या मापाची पट्टी कापून ती दुसऱ्या हाडात कलमासारखी बसविता येई. आल्बी यांचे बालपण मेन राज्यातील शेतावर गेले होते व फळझाडांवर कलम बांधण्याचे काम ते आजोबांपासून शिकले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मोडलेला पाय ताणून स्थिर धरणारे अस्थिभंग-मेजही त्यांनी तयार केले. कापणारे हत्यार आणि रुग्णास धरणारे मेज यांचा विचार एकत्र केल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

मांडीचे हाड (ऊर्वस्थी) मोडल्यास त्या काळी ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली बंधफळी व वजनांचा ताण हाच मुख्य उपचार होता. रुग्णास दोन ते तीन महिने, कधीकधी त्याहूनही अधिक काळ, पाठीवर निजून राहावे लागे. गुडघा आखडणे, शय्याव्रण, फुप्फुसशोथ व शिरांतील रक्त साखळणे हे उपद्रव हाडाच्या मोडीपेक्षाही घातक ठरत. मज्जापोकळीत आधार घालून हाड आतूनच स्थिर करावे, ही कल्पना या अडचणीतून पुढे आली. ब्रिस्टल येथील अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज (१८७२–१९४४) यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात धातूच्या दांड्यांचा प्रयोग केला, तर अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे रश बंधूंनी १९३६ नंतर लवचिक पोलादी शलाका वापरल्या. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन (१८८६–१९५३) यांचा मांडीच्या हाडाच्या मानेसाठी असलेला तीन पंखांचा खिळा १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला १९३२ मध्ये स्वीडनमधील स्वेन योहान्सन यांनी मध्यभागी आरपार भोक दिल्यामुळे तो तारेवरून सरकवत नेणे शक्य झाले. ही मार्गदर्शक तार दिसायला क्षुल्लक आहे. पण पुढील सर्व पोकळ खिळे व रीमर तिच्यावरूनच धावतात.

मज्जापोकळीचे रुंदन : या शाखेचा खरा पाया जर्मन शस्त्रक्रियाविशारद गेरहार्ट क्युंटशर (१९००–७२) यांनी कील विद्यापीठात घातला. त्यांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये मांडीच्या हाडात लांब पोलादी खिळा प्रथम बसविला आणि मार्च १९४० मध्ये बर्लिन येथील जर्मन शस्त्रक्रिया परिषदेपुढे ही पद्धत मांडली. मज्जेचा नाश होईल, वसा रक्तात जाऊन रुग्ण दगावेल, अशी भीती तेथे अनेकांनी व्यक्त केली. खिळ्यांची व हत्यारांची घडण कीलमधील उपकरणनिर्माते अर्न्स्ट पोल यांनी केली. क्युंटशर यांच्या नावावर जमा असलेल्या बहुतेक साधनांत पोल यांचा वाटा होता. परंतु वैद्यकाच्या इतिहासात कारागिरांची नावे सहसा मागे पडतात, तसेच येथेही झाले. युद्धकाळात क्युंटशर काही वर्षे फिनलंडमध्ये लष्करी सेवेत होते व तेथेही ही पद्धत वापरली गेली. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या काही वैमानिकांच्या मांडीत लांब धातुदंड असल्याचे क्ष-किरण चित्रांत आढळल्यावर इंग्लंड-अमेरिकेतील वैद्यांना या शोधाची प्रथम जाणीव झाली.

प्रारंभीच्या खिळ्याचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता. पुढे तो तिपानी पानाच्या आकाराचा करण्यात आला. पोकळीच्या भिंतींवर स्प्रिंगप्रमाणे दाबून बसणे, हे त्यामागचे तत्त्व होते. परंतु मांडीच्या हाडाची पोकळी सर्वत्र सारखी नसते. ती दोन्ही टोकांस रुंद व मध्यभागी अरुंद असून हाडाला पुढच्या बाजूस किंचित बाकही असतो. त्यामुळे खिळा मधल्या थोड्याच भागात घट्ट बसे. अरुंद पोकळीत तो अडकून पडे किंवा हाड फोडी, आणि बारीक खिळा घेतल्यास तो वाकत वा तुटत असे. यावर क्युंटशर यांनी १९५० नंतरच्या दशकात पोकळीच कोरून रुंद करण्याचा उपाय योजला. लवचिक दांड्याच्या टोकाशी कापणारे डोके बसवून ते मार्गदर्शक तारेवरून आत नेण्यात येऊ लागले.

या उपायाचे यांत्रिक फळ मोठे आहे. भरीव दंडाची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १० मिमी.ऐवजी १२ मिमी. व्यासाचा दंड घेतल्यास ती दुपटीहून किंचित अधिक होते. शिवाय कोरलेली पोकळी दूरवर एकसारख्या मापाची झाल्यामुळे खिळा व हाड यांचा संपर्क वाढतो. प्रत्यक्षात ८ किंवा ९ मिमी.च्या डोक्याने आरंभ करून दर वेळी ०·५ मिमी.ने माप वाढवीत नेतात व शेवटच्या डोक्याहून १ ते १·५ मिमी. बारीक खिळा बसवितात. तारेच्या टोकाशी लहान गोळी ठेवलेली असते. डोके आत अडकले किंवा दांडा तुटला, तर तार ओढून ते बाहेर काढता येते. जुने लवचिक दांडे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचे असत. ते उलट्या दिशेने फिरविल्यास उलगडून खराब होत. त्याहून वाईट म्हणजे वेटोळ्यांच्या फटींत रक्त व हाडाचा चुरा राहून स्वच्छता करणे दुष्कर होई. निकेल-टिटॅनियम मिश्रधातूचे एकसंध दांडे आल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली.

रुंदनाची किंमतही चुकवावी लागते. लांब हाडाच्या भिंतीच्या आतील सुमारे दोन-तृतीयांश भागास मज्जापोकळीतील रक्तवाहिन्या रक्त पुरवितात व रीमर त्यांचा नाश करतो. ऑक्सफर्डमधील होसेप त्रुएता (१८९७–१९७७) आणि अमेरिकेतील ऱ्हाइनलँडर यांच्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, हाडाबाहेरील वाहिन्या ही उणीव काही अंशी तात्काळ भरून काढतात आणि आतील वाहिन्याही काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. कोरताना निघालेला चुरा मोडीच्या जागी साचतो व हाड सांधण्यास साहाय्य करतो, हा अनपेक्षित लाभ होय.

उष्णतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हाड हे उष्णतेचे मंदवाहक असल्याने कापण्याच्या जागी निर्माण झालेली उष्णता तेथेच साचते. स्वीडनमधील एरिकसन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून ४७° से. तापमान एक मिनिट टिकल्यास हाडास इजा पोहोचते, असे दाखविले. बोथट डोके, अतिशय अरुंद पोकळी व घाईने दिलेला जोर यांमुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. म्हणून रीमर मंद गतीने व मोठ्या परिपीडनाने चालवितात. मापाच्या पायऱ्या गाळून वेळ वाचविण्याचा मोह टाळणे आवश्यक असते. भाजलेले हाड महिन्यांनी जंतुसंसर्गाच्या रूपाने आपला हिशेब मागते.

दाबाचा प्रश्न सर्वांत गंभीर ठरला. मज्जेने भरलेल्या बंद पोकळीत शिरणारा रीमर पंपातील दट्ट्यासारखा वागतो. त्याच्यापुढील मज्जा व वसा दाबाखाली शिरांत ढकलली जाते आणि फुप्फुसात वसा-अंतर्कीलन होऊ शकते. छातीलाही जबर इजा झालेल्या रुग्णांत हा धोका वाढतो काय, यावर १९९० नंतर मोठा वाद झाला आणि काही काळ न कोरता बसविण्याच्या बारीक भरीव खिळ्यांचा पुरस्कार करण्यात आला. तथापि कॅनडातील अस्थिशल्यचिकित्सकांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांडीच्या २२८ अस्थिभंगांच्या अभ्यासात न कोरलेल्यांपैकी ७·५ टक्के, तर कोरलेल्यांपैकी १·७ टक्के हाडे सांधली नाहीत, असे आढळले. सरसकट रुंदन टाळणे हा योग्य मार्ग नव्हे, असे यावरून म्हणता येते. मात्र जबर जखमी रुग्णात आधी बाहेरून आधार देऊन खिळा नंतर बसविण्याचा मार्ग आजही अनुसरतात. दाब कमी करण्याचा उपाय हत्याराच्या घडणीतच होता. दांडा बारीक ठेवला, डोक्यावरील खाचा खोल केल्या व पाती धारदार राखली, म्हणजे मज्जेला मागे वाहून जाण्यास वाट मिळते. पाणी सोडून चुरा शोषून घेणारे रीमर २००० नंतर प्रचारात आले. त्यांनी गोळा केलेला चुरा अन्यत्र अस्थिकलम म्हणूनही वापरतात.

सांध्यांतील रीमर : नितंबसांध्याची खोबण (उलूखल) कोरण्याचे रीमर निराळ्या घडणीचे असतात. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली (१९११–८२) यांनी आधी मध्यभागी भोक पाडून खोबण खोल करणारा व नंतर ती विस्तृत करणारा, असे दोन रीमर वापरले. त्यांच्या कृत्रिम सांध्यातील टेफ्लॉनची वाटी झिजून अपेशी ठरल्यावर १९६२ मध्ये पॉलिएथिलिनाने ती जागा घेतली. त्या पदार्थाविषयी चार्नली यांचा प्रथम विश्वास नव्हता. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी यंत्रावर त्याची झीज मोजून पाहिली, म्हणून तो हाती लागला. पुढे प्रचारात आलेल्या अर्धगोल रीमरच्या पृष्ठावर स्वयंपाकघरातील किसणीप्रमाणे उचललेल्या धारांची छिद्रे असतात. अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे १९९२ मध्ये यंत्रमानवाने मांडीच्या हाडाची पोकळी प्रथमच कोरली.

रुग्ण-हाताळणी : मेरुरज्जूला इजा झालेला रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला, तर काही तासांतच त्वचा मरू लागते, उलट त्याला निष्काळजीपणे वळविल्यास उरलीसुरली संवेदनाही नष्ट होण्याची भीती असते. मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथील होमर स्ट्रायकर (१८९४–१९८०) यांनी या पेचावर १९४० च्या सुमारास फिरती चौकट तयार केली. तीत रुग्णास दोन ताणलेल्या कापडी चौकटींमध्ये धरून लांबीच्या अक्षाभोवती एकदम पालथे करता येई व कण्याचा बाक बदलत नसे. प्लॅस्टर कापण्याची आंदोलित करवत हा त्यांचाच शोध असून तिचे एकस्व त्यांना १९४७ मध्ये मिळाले. तिचे पाते पूर्ण फेरा घेत नाही, फक्त थोडेसे मागेपुढे हलते. त्यामुळे टणक प्लॅस्टर कापले जाते आणि मऊ त्वचा पात्याबरोबर हलून बहुधा सुरक्षित राहते. पुढे १९५८ च्या सुमारास त्यांच्या कंपनीने मोठ्या चक्रात बसविलेली विद्युत् शय्या काढली. ती रुग्णास उभ्या पातळीत फिरवी. त्या फेऱ्यात अस्थिर कण्यावर शरीराचा भार येतो, हे ध्यानात आल्यावर ती मागे पडली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी १९४४ पासून रुग्णास दर दोन तासांनी हाताने वळविण्याचा कडक नियम घालून शय्याव्रणांना आळा घातला. शिस्तबद्ध परिचर्या यंत्राची उणीव किती भरून काढू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

परंतु त्या परिचर्येचा भार परिचारिकेच्या कमरेवर पडतो. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्य संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताळताना एका व्यक्तीने १६ किग्रॅ.हून अधिक भार उचलू नये, अशी मर्यादा सुचविली. सत्तर किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा एक पाय सुमारे ११ किग्रॅ. भरतो, त्यावर ओले प्लॅस्टर असल्यास ती मर्यादा एका पायानेच गाठली जाते. द्रवीय दट्ट्यावर चालणारी व झोळीतून रुग्णास उचलणारी यारी विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत प्रचारात आली. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी हाताने उचलण्याचे धोके टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली.

अस्थिभंग-मेजावर हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. मेजावर पाय योग्य ताणात व क्ष-किरणांस पारदर्शक आधारावर धरलेला नसेल, तर उत्तम रीमरही वाकड्या मार्गाने जातो. ताणास विरोध म्हणून दोन्ही मांड्यांमध्ये जो खुंट असतो, त्याच्या दीर्घकाळच्या दाबाने तेथील तंत्रिकेस इजा होते. त्यामुळे त्याची जाडी, गादी व ताणाचा अवधी हे अभिकल्पकाच्या दृष्टीने महत्त्वाचे विषय ठरतात.

भारतात क्युंटशर यांचा खिळा ‘के-नेल’ या नावाने परिचित झाला. विद्युत् पुरवठा व क्ष-किरण पडदा यांची शाश्वती नसलेल्या ठिकाणी मोड उघडून हाताने फिरविण्याच्या रीमरने पोकळी कोरण्याची पद्धत पुष्कळ काळ चालली. तिला केवळ मागासलेली म्हणणे योग्य नव्हे. हाताच्या रीमरमुळे उष्णता अल्प निर्माण होते आणि हाडाचा विरोध बोटांना जाणवतो. अमेरिकेतील लुइस झर्कल यांनी १९९९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील रिचलंड येथे स्थापन केलेल्या संस्थेने हेच तत्त्व धरून हातरीमर व बाहेरील मार्गदर्शक भुजा यांच्या साहाय्याने, पडद्यावाचून स्क्रूने जखडता येणारा भरीव खिळा गरीब देशांतील रुग्णालयांसाठी तयार केला. रुग्ण-हाताळणीत मात्र आपल्याकडील स्थिती अधिक दुर्बल आहे. स्ट्रेचरवरून मेजावर नेताना चादरीची चार टोके धरून वॉर्डबॉय, मावशी आणि पुष्कळदा नातेवाईकच रुग्णास उचलतात. मोडलेला पाय त्या वेळी कोणाच्याच हाती नसतो. घसरफळीसारखे स्वस्त साधनही हे टाळू शकते. परंतु रुग्णालयांच्या खरेदीच्या याद्यांत रीमरचे संच असतात, घसरफळ्या क्वचितच आढळतात. यारी घेतली, तरी तिचे पाय जुन्या खाटांच्या खालच्या आडव्या दांड्यांना अडतात व दोन खाटांमधील अंतरात ती वळत नाही. त्यामुळे ती बहुधा कक्षाच्या कोपऱ्यात उभी असते.