गळ्यावर न उठलेले वळ

बापाच्या दोन्ही पंजांत पोराची मान. पोराचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले, जीभ वीतभर लोंबतेय, डोकं खुळखुळ्यासारखं हलतंय. पुढच्याच दृश्यात तोच पोरगा जेवणाच्या टेबलाशी बसून बहिणीच्या खोड्या काढतोय. मानेवर ओरखडासुद्धा नाही. होमर सिम्प्सन आणि त्याचा मुलगा बार्ट यांचं हे दृश्य जगभरच्या प्रेक्षकांनी असंख्य वेळा पाहिलंय आणि बहुतेक वेळा त्यावर हसलेत.

त्याच टीव्हीवर पुढे एक राजपुत्र आला. त्याच्या डाव्या डोळ्याभोवती भाजल्याचा मोठा डाग होता आणि तो डाग त्याच्या बापाने दिलेला होता. त्यावर कुणालाही हसू आलं नाही. पहिल्या दृश्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला अमेरिकी कार्टून मालिकांना साधारण पंधरा वर्षं लागली.

कार्टूनमधला मार टीव्हीपेक्षा जुना आहे. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात रुडॉल्फ डर्क्सची ‘कॅट्झेनजॅमर किड्स’ ही चित्रमालिका सुरू झाली. हान्स आणि फ्रिट्झ ही दोन कार्टी उच्छाद मांडायची आणि बऱ्याचदा शेवटच्या चौकटीत त्यांच्या पार्श्वभागावर मोठ्या माणसांचे रट्टे बसायचे. रट्टे बसले म्हणजे गोष्ट संपली, अशी ती रचना होती. पुढच्या आठवड्यात दोघे ताजेतवाने होऊन नवा उद्योग सुरू करायचे.

टीव्हीने सुरुवातीला बापाला जरा सौम्य केलं. ३० सप्टेंबर १९६० ला एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. रात्रीच्या मुख्य वेळेत, सगळ्या घराने मिळून बघायची ही पहिली कार्टून मालिका. तिच्यातला अश्मयुगीन फ्रेड आरडाओरडा करणारा आणि फुशारक्या मारणारा, पण १९६३ मध्ये पेबल्स जन्मली तेव्हा तो पार विरघळला. १९७२ च्या एका मालिकेचं तर नावच ‘वेट टिल युवर फादर गेट्स होम’ होतं. मराठी घरांतली ‘थांब, बाबांना येऊ दे घरी’ ही धमकीच ती. प्रत्यक्षात त्या मालिकेतला बाप हॅरी बॉइल स्वतःच मुलांपुढे हात टेकलेला.

याच काळात पडद्याबाहेर एक वेगळी घडामोड चालू होती. १९६२ मध्ये डॉ. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मार खाल्लेल्या मुलांविषयी एक शोधनिबंध छापला. पाळण्यातून पडलं, जिन्यावरून घसरलं असं सांगून आणलेल्या बाळांच्या एक्स-रेमध्ये कमीजास्त जुने अनेक अस्थिभंग दिसत होते. आईबापांची हकीकत एक आणि हाडांची दुसरी. पुढच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेच्या जवळपास सगळ्या राज्यांनी अशा संशयाची खबर देणं डॉक्टरांना बंधनकारक केलं आणि १९७४ मध्ये देशपातळीवर कायदा झाला. क्ष-किरणांत जुना मार दिसू लागला होता. कार्टूनमधल्या मुलांना मात्र अजून हाडं फुटली नव्हती.

१७ डिसेंबर १९८९ ला फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्प्सन्स’ स्वतंत्र मालिका म्हणून सुरू झाली. त्याआधी दोन वर्षं ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात तिचे छोटे तुकडे दाखवले जात होते. निर्माता मॅट ग्रेनिंग याने बापाला स्वतःच्याच वडिलांचं, होमर हे नाव दिलं. आदर्श अमेरिकी कुटुंबाची टर उडवायची हा मालिकेचा हेतू, आणि तिची धग थेट वर पोहोचली. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) भाषणात म्हणाले की अमेरिकी कुटुंबं सिम्प्सनांपेक्षा वॉल्टनांसारखी व्हायला हवीत. वॉल्टन म्हणजे महामंदीच्या काळातल्या सोशिक, सद्गुणी कुटुंबाची एक जुनी मालिका.

गंमत अशी की खुद्द मालिकेने हा आरोप आधीच करून टाकला होता. १९९० च्याच एका भागात होमर सगळ्या घराला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो आणि तिथे घरचे बटणं दाबून एकमेकांना विजेचे झटके देतात. पुढे १९९५ च्या एका भागात घरातला पसारा आणि बार्टच्या डोक्यातल्या उवा पाहून बालकल्याण खात्याची माणसं मुलांना उचलून शेजाऱ्यांकडे ठेवतात, आणि होमर आणि त्याची बायको मार्ज यांना पालकत्वाच्या वर्गाला बसावं लागतं. भाग संपेपर्यंत मुलं घरी परतलेली असतात आणि पुढच्या आठवड्यात यातलं कुणालाच काही आठवत नाही.

या विसराळूपणामागे धंद्याचं गणित होतं. अशा मालिकांचं पुनःप्रक्षेपण देशभरच्या स्थानिक वाहिन्यांवर होतं आणि कुठला भाग कुठल्या दिवशी लागेल याचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक भाग जिथे सुरू झाला तिथेच संपवायचा. आज तुटलेला हात उद्या सांधलेला, आज गेलेली नोकरी उद्या परत. प्रत्येक पात्राचा कपडे, उंची, केसांसकट एक ठरलेला नमुना असतो आणि चित्रकार दर वेळी त्याबरहुकूम काढतो. त्या नमुन्यात वळाला जागा नसते.

जपानच्या शिन-चॅनचीही तीच तऱ्हा. एप्रिल १९९२ पासून चालू असलेल्या या मालिकेत आई मिसाए पोराच्या डोक्यात गुद्दा घालते, भलंमोठं टेंगूळ वर येतं आणि क्षणात जिरतं. २००६ मध्ये शिन-चॅन हंगामा वाहिनीवरून भारतात आला आणि शाळा सुटल्यावरच्या दुपारी काबीज करून बसला. २००८ मध्ये त्याच्यावर बंदी आली, आणि पुढच्या वर्षी कात्री लागून तो परतला. आक्षेप होता पोराच्या आगाऊपणावर, मोठ्यांशी उलटं बोलण्यावर, आणि आपली मुलं त्याचं बघून बिघडतील यावर. आईच्या गुद्द्यात कुणाला फारसं वावगं दिसलं नाही. आईबापांनी मुलांवर हात उचलू नये असा स्पष्ट कायदा खुद्द जपानमध्ये लागू झाला तो २०२० च्या एप्रिलमध्ये.

वळ दिसायला लागला तो आधी मारातून नव्हे, दुर्लक्षातून. निकलोडियनवरच्या ‘हे अर्नॉल्ड!’ मधली हेल्गा पटाकी म्हणजे वर्गातली दांडगी पोरगी. बाप पेजर विकणारा, आवाज चढवून बोलणारा, आणि हेल्गाला बऱ्याचदा तिच्या हुशार थोरल्या बहिणीच्या, ओल्गाच्या नावाने हाक मारणारा. आई सदा पेंगुळलेली, हातात ‘स्मूदी’चा पेला. त्यात काय असतं ते मालिका सांगत नाही. मोठ्यांना समजतं.

१९९९ मधल्या ‘हेल्गा ऑन द काउच’ या भागात हेल्गा शाळेत आलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंपुढे बसते आणि बालवाडीचा पहिला दिवस सांगते. घरात ओल्गा पियानो वाजवतेय आणि आईबाप तल्लीन होऊन ऐकतायत. धाकटीला सोडायला कुणी उठत नाही. ती एकटीच निघते. पाऊस, रस्ता, गाडीने उडवलेला चिखल. तेवढ्यात एक मुलगा, अर्नॉल्ड, तिच्या डोक्यावर छत्री धरतो आणि तिच्या केसातली गुलाबी रिबन छान आहे म्हणतो. हेल्गाचं अर्नॉल्डवरचं वेडं प्रेम आणि तिची दांडगाई या दोन्ही गोष्टींवर प्रेक्षक तीन वर्षं हसत होते. आता दोन्हींचं मूळ त्या पावसात सापडलं.

हसण्याचा धंदा अर्थात बंद पडला नाही. १९९७ पासूनच्या ‘साउथ पार्क’मध्ये बटर्स या भाबड्या पोराला आईबाप क्षुल्लक कारणांवरून खोलीत डांबतात. २००१ च्या एका भागात तर आई त्याला गाडीसकट नदीत ढकलते. त्याच वर्षी आलेल्या ‘द फेअरली ऑडपेरेंट्स’चा डोलाराच मुळी आईबापांच्या बेफिकिरीवर उभा होता. ते सतत बाहेर, मुलगा छळवादी आयाच्या ताब्यात, म्हणून तर पऱ्या येणार.

फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच निकलोडियनवर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ आली. नावातला ‘अवतार’ आणि द्वंद्वाला दिलेलं ‘अग्नी काई’ हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटावं. सेनापतींच्या बैठकीत मध्येच बोलला म्हणून तेरा वर्षांच्या राजपुत्र झुकोला द्वंद्वाला उभं केलं जातं. समोर कोण, तर खुद्द बाप, अग्निसम्राट ओझाय. मुलगा गुडघे टेकतो, रडतो, लढायला नकार देतो. लहान मुलांच्या वाहिनीवर पुढचं दाखवता येणार नव्हतं, म्हणून कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो. काका आयरो मान फिरवतो, बहीण अझूला हसते, आणि फक्त किंकाळी ऐकू येते.

इथे चित्रकाराचा नमुनाच बदलला होता. झुकोच्या चेहऱ्याच्या ठरलेल्या रेखाटनात तो डाग होता, म्हणजे तो ज्या ज्या चौकटीत येईल तिथे बापाचा हात काढावाच लागणार. मालिका सलग कथेची होती, ठरलेल्या शेवटाकडे जाणारी. त्यामुळे आज घडलेलं उद्या पुसायची सोय नव्हती. तिसऱ्या पर्वात झुको बापासमोर उभा राहून त्याला तोंडावर सांगतो की ते द्वंद्व म्हणजे क्रौर्य होतं.

मोठ्यांच्या मालिकांनी हीच वाट पुढे नेली. ‘मॉरल ओरेल’ ही बाहुल्यांची मालिका धर्मभोळ्या गावाची थट्टा म्हणून सुरू झाली होती. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी शिकारीला गेलेला दारूडा बाप मुलाच्या पायात गोळी घालतो. पुढच्या भागांत तो पाय लगेच बरा होत नाही आणि थट्टाही पहिल्यासारखी जमत नाही.

नेटफ्लिक्सच्या ‘बोजॅक हॉर्समन’ने २०१७ मध्ये आईच्याच डोक्यात शिरून पाहिलं. घोड्याचं तोंड असलेला हा उतरणीला लागलेला नट, आणि शब्दाशब्दाने त्याला सोलून काढणारी त्याची आई बियाट्रिस. आता ती स्मृतिभ्रंशाने वृद्धाश्रमात पडलीय. तिच्या विस्कटलेल्या आठवणींतून तिचं बालपण दिसतं. मेंदूवर शस्त्रक्रिया करून गप्प केलेली आई, आजारपणानंतर बापाने जाळलेली बाहुली. आइस्क्रीम मुलग्यांसाठी, मुलीला साखर भुरभुरलेलं लिंबू. बोजॅककडे सूड घ्यायची संधी असते. त्याऐवजी तो तिला सांगतो की तू तलावाकाठच्या घरी आहेस आणि आइस्क्रीम खातेयस. त्याने तिला माफ केलं का, हे मालिका स्पष्ट करत नाही. पुढच्या वर्षीच्या एका अख्ख्या भागात तो आईच्या शवपेटीपुढे एकटाच बोलत राहतो. शेवटी कळतं, की तो चुकीच्या दालनात शिरला होता.

एवढं सगळं होत असताना होमर मागेच होता. २०११ च्या एका भागात त्याला पितृत्वाच्या वर्गात पाठवतात आणि गळा दाबल्यावर कसं वाटतं ते समजावं म्हणून बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार त्याचाच गळा धरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा शेजारी होमरशी हस्तांदोलन करून त्याच्या घट्ट पकडीचं कौतुक करतो. होमर मार्जला म्हणतो, बघ, पोराचा गळा दाबल्याचा उपयोग झाला. आणि लगेच जोडतो की गंमत केली, आता मी तसं करत नाही, काळ बदलला.

एका वाक्याची जगभर बातमी झाली. मालिकेचे आणखी एक निर्माते जेम्स ब्रुक्स यांना खुलासा करावा लागला की तो विनोद होता, काहीही बंद झालेलं नाही. ग्रेनिंगने एक नवं चित्र काढून जाहीर केलं. त्यात होमरचे दोन्ही पंजे बार्टच्या मानेभोवती होते. १९८९ मध्ये दहा वर्षांचा असलेला बार्ट त्या चित्रातही दहाचाच होता, डोळे बाहेर, जीभ वीतभर.