पोवाडा (जुन्नर-आंबेगाव परिसर)

पोवाडा : पराक्रम, लढाई, दुष्काळ यांसारख्या घटनांची हकिकत गाऊन सांगणारे मराठी कथाकाव्य. पोवाडे शाहिरांनी आणि गोंधळ्यांनी गायले. त्यांतील शिवचरित्राचा आरंभ पुणे जिल्ह्यातील जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर होतो. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यांना हे काव्य आपल्याच मुलखात उभे राहून वाचता येते.

रचना : आरंभी नमन, मग प्रसंगामागून प्रसंग, अखेरीस शाहिराची नाममुद्रा, असा पोवाड्याचा सर्वसाधारण घाट असतो. डफ, तुणतुणे व झांज ही त्याची वाद्ये. झीलकरी ध्रुवपद उचलतात आणि ‘जी जी’ची साथ देतात. मध्येच शाहीर गद्यात बोलून पुढचा प्रसंग समजावतो. ओळी कमीजास्त लांबीच्या असल्या तरी गाताना त्या लयीत बसतात. म्हणून पोवाडा वर्गात मोठ्याने म्हणूनच शिकावा.

इतिहास : अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो, ती घटना 1659 ची. सिंहगडावरील तानाजीच्या पराक्रमाचा पोवाडा तुलसीदासाचा. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या या रचना ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 मध्ये संग्रहरूपाने छापल्या. पुढे य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादित केले.

जुन्नरचे स्थान : महात्मा जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला. शेतकरी व कष्टकरी समाजाला कळावा म्हणून त्यांनी तो सोप्या भाषेत रचला. त्यात जुन्नर व शिवनेरी यांचा नावानिशी उल्लेख आहे. जन्माचे वर्ष मात्र शके 1549, म्हणजे इ.स. 1627, असे दिले आहे. त्या काळी तेच प्रचलित होते. 1916 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेधे शकावलीत शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली आणि 19 फेब्रुवारी 1630 हा दिनांक पुढे मान्य झाला. कथाकाव्य आणि कागदपत्र शेजारी ठेवून कसे वाचावे, याचा इतका चांगला धडा दुसरा सापडणे कठीण. तारीख बदलली म्हणून काव्याचे मोल कमी होत नाही. समाजाने राजाला कोणत्या रूपात आठवले, हे कळायला पोवाडाच लागतो. महाराजांनी 1657 मध्ये मोगलांचे जुन्नर लुटले, पण जन्माचा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

परिसरातील इतर कथागायन : जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी सुपारी द्यायला येतात. तमाशातील वग पौराणिक, ऐतिहासिक वा सामाजिक कथा गाण्यांतून व संवादांतून उभी करतो. विठाबाई नारायणगावकर (मृत्यू 2002) यांनी ही कला देशभर मानाला नेली. राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. आंबेगाव तालुक्यातील थापलिंग हे खंडोबाचे ठाणे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणाईच्या कथा गातात.

तुलना : रशियन शाळकरी मुले लेर्मोंतोव्हची ‘बोरोदिनो’ ही 1837 ची कविता वाचतात, 1812 ची लढाई तीत एक जुना सैनिक सांगतो. पोवाड्याशी तिचे नाते जवळचे आहे. अण्णा भाऊ साठे यांनी तर दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढ्यावरच पोवाडा रचला. शिवनेरीचा जन्मप्रसंग सांगणाऱ्या या काव्यप्रकारात व्होल्गाकाठचा संग्रामही तितक्याच ताकदीने मावला.