परीक्षा मातीची, शिक्षा माणसाला

१/ अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटी. चालू शतकाच्या आरंभी येथील काही गरीब कुटुंबांवर फौजदारी कारवाई झाली. काहींना अटकही झाली. आरोप एकच : घराला नियमानुसार सेप्टिक टँक नाही. संडासाच्या टाकीवरून माणसे न्यायालयात कशी पोहोचली, हे समजण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

२/ १८६० च्या सुमारास फ्रान्समधील वेसूल गावी झां-लुई मुरास यांनी मैल्यासाठी एक बंद टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी ती उघडली, तेव्हा आत गाळ फारच थोडा आढळला. बाकीचा मैला द्रवरूप होऊन वाहून गेला होता. १८८१ मध्ये मुरास यांनी या टाकीचे पेटंट घेतले.

३/ १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी याच तत्त्वावर टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. ‘सेप्टिक’ म्हणजे कुजवणारा. हा शब्द मूळचा ग्रीक. हवेवाचून जगणारे जिवाणू टाकीत मैला कुजवतात, म्हणून हे नाव.

४/ मात्र टाकी अर्धेच काम करते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू शिल्लक असतात. ते पाणी चरांमधून जमिनीत मुरते आणि उरलेले शुद्धीकरण माती करते. मातीने पाणी शोषले नाही, तर ते अंगणात वर येते किंवा घरात उलटते. फार वेगाने शोषले, तर शेजारची विहीर नासते.

५/ म्हणून टाकीला परवानगी द्यावी की नाही, हे मातीला विचारणे भाग होते. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील अभियंते हेन्री रायन यांनी त्यासाठी सोपी कसोटी बसवली. खड्डा खणायचा, त्यात पाणी भरायचे आणि पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यावरून चरांची लांबी-रुंदी ठरे.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरांची रांगच लागली. गटारे तेथवर पोहोचली नव्हती. अनेक घरांच्या कर्जांना केंद्र सरकारची हमी होती. टाकी तुंबली की घराची किंमत घसरे. केंद्रीय आरोग्य सेवेने संशोधन करवून १९५७ मध्ये सेप्टिक टँकची नियमपुस्तिका काढली. खड्ड्याची कसोटी आता परवान्याची अट म्हणून देशभर रुळली.

७/ हे परवाने राज्ये आणि काउंट्या देतात. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने केंद्राचा अब्जावधी डॉलरचा निधी प्रामुख्याने नगरांच्या मैलाशुद्धीकरणाकडे वळवला. ग्रामीण घरमालकाची टाकी खाजगी ठरली : खर्च त्याचा आणि दोषही त्याचाच. आज अमेरिकेतील सुमारे पाचांपैकी एक घर अशा व्यवस्थेवर चालते.

८/ आता पुन्हा लाउंड्स. ही काउंटी अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’ पट्ट्यात येते. येथील चिकण माती विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची आठवण करून देते : पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि कापसाला मानवते. ओली झाली की मात्र पाणी आत घेत नाही.

९/ याच कापसासाठी येथे गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपल्यावर त्यांचे वंशज वाट्याने जमीन कसत राहिले. १९६५ चा सेल्मा ते माँटगोमेरी हा मतदान हक्काचा मोर्चा याच काउंटीतून गेला. मतदार म्हणून नाव नोंदवले, एवढ्यासाठी अनेक कुळांना जमिनीवरून हुसकावण्यात आले आणि त्यांनी तंबूंत संसार मांडले.

१०/ ज्या मातीने कापूस पिकवला, तीच रायन यांच्या कसोटीत नापास होते. अशा जमिनीवर साधी टाकी चालत नाही. बाहेरून वाळू आणून उंचवटा रचावा लागतो, त्यात पंपाने पाणी सोडावे लागते. खर्च वीस हजार डॉलरच्या पुढेही जातो. ज्यांना तो झेपला नाही, त्यांनी संडासाची नळी घरामागे उघड्यावर सोडली.

११/ कायद्याने हा गुन्हा होता आणि कारणही खरे होते : उघडा मैला रोग पसरवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काउंटीतील ५५ जणांपैकी १९ जणांच्या नमुन्यांत अंकुशकृमीचा अंश आढळला. पण खटल्याने कोणाच्याही अंगणात टाकी बसली नाही.

१२/ लाउंड्सच्याच कन्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०२१ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली. मे २०२३ मध्ये समझोता झाला : राज्याच्या आरोग्य खात्याने अशा घरमालकांवरील फौजदारी कारवाई थांबवायची आणि टाक्या बसवण्यासाठी आराखडा आखायचा. एप्रिल २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारने तो समझोता रद्द केला.

१३/ रायन यांच्या खड्ड्याने एकच प्रश्न विचारला होता : ही माती पाणी शोषते का? उत्तर ‘नाही’ आले, तर पुढचा खर्च कोणी सोसायचा, हे नियमांनी घरमालकावर सोडले. लाउंड्सची माती आजही तेच उत्तर देते.