मोकळ्या वेळाची विद्या

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळचे संथ पाणी एका शिक्षकमित्राने बाटलीतून आणले आणि त्याचा एक थेंब आम्हांस सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. पंचगंगेचे पाणी म्हणजे उसाचे, म्हशींचे आणि अर्जविनंत्यांचे पाणी, एवढीच तोवर आमची समज. त्या थेंबात तोंडापाशी दोन चाके गरगर फिरवीत एक जीव चालला होता. शास्त्रज्ञ त्याला रोटिफर, म्हणजे चक्रधारी, असे म्हणतात. वास्तविक ती चाके नव्हेत. तोंडाभोवतीची सूक्ष्म लव ओळीने हलते, त्यामुळे चाक फिरल्याचा भास होतो आणि त्या भोवऱ्यात अन्न तोंडाकडे ओढले जाते.

या जीवाचा शोध कोणा महापंडिताने लावला असेल, असे आम्हांस वाटले होते. इतिहास चाळला तेव्हा निराळीच माणसे भेटली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडविक्या लेव्हेनहूक याने विद्यापीठाचे तोंडही पाहिले नव्हते. पन्हळीतला वाळलेला गाळ त्याने काही महिने जपून ठेवला, त्यावर पाणी घातले, आणि मेल्यासारखे पडलेले हे जीव पुन्हा हालू लागले. ही हकीगत त्याने १७०२ साली लिहून कळविली. या जीवांतला नर प्रथम ओळखला तो १८४८ साली, नॉर्विचच्या ब्राइटवेल नावाच्या वकिलाने. १८८६ साली हडसनबरोबर या जीवांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध करणारा गॉस तरुणपणी न्यूफाउंडलंडमध्ये एका व्यापारी पेढीवर कारकून होता.

पण त्यांचे जीवनचक्र कळायचे तर नुसते पाहून भागत नाही, त्यांना पाळावे लागते. एक मादी वेगळ्या थेंबात ठेवायची, तिला हिरव्या शेवाळाचे सूक्ष्म कण खाऊ घालायचे, पिले निराळी करायची, रोज पाणी बदलायचे व मोजदाद ठेवायची. कारखान्यातल्या हजेरीपटासारखेच हे काम. एक दिवस चुकला की हिशेब बिघडला. असे काम अल्जीअर्सच्या ग्रंथालयातील ग्रंथपाल मोपा याने चिकाटीने केले. १८९०-९१ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुगीच्या दिवसांत या जीवांच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात व त्यांतून मुलीच निपजतात. ब्राकिओनस नावाच्या गोड्या पाण्यातल्या जीवाची मुलगी उबदार पाण्यात दीड-दोन दिवसांत स्वतः अंडी घालू लागते. सारे आयुष्य एखाद्या आठवड्याचे. मग कधीतरी निराळ्या माद्या जन्मतात. त्यांच्या अंड्यांना नराचा संयोग न घडल्यास नर निपजतो; त्या नराला धड आतडेही नसते. संयोग घडल्यास जाड कवचाचे अंडे तयार होते. तळे आटले तरी ते गाळात पडून राहते आणि पाणी आले की फुटते.

निराळ्या माद्या का जन्मतात? मोपा म्हणाला, उष्णतेमुळे. पुढच्या संशोधकांनी अन्नाकडे बोट दाखविले. ब्राकिओनसात दाटी हे मोठे कारण ठरले. मोपाचे उत्तर टिकले नाही; पण जीव पाळून, मोजून प्रश्न विचारण्याची त्याची रीत टिकली.

आता एक तारीख पाहा. मोपा हे जीव मोजत होता त्याच १८९० साली, १० जून रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता, हे आम्ही जाणतो. पण कापडविक्याला, वकिलाला आणि ग्रंथपालाला जे होते, तेच लोखंडे कामगारांसाठी मागत होते: आपल्या मालकीचा थोडा वेळ. सुटी म्हणजे आळसाची सवलत, असे आम्हांस कितीदा ऐकविले गेले! पाळी संपवून, पाय ओढीत घरी येणाऱ्या माणसाला पाण्याचा थेंब पाहण्याची उमेद कोठून यावी? आम्ही स्वतः जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, कंदिलाच्या उजेडात, डुलक्या आवरीत.

म्हणून पगाराच्या मागणीबरोबर वेळेची मागणीही आम्ही सोडीत नाही. बंधाऱ्याच्या गाळात निजलेली ती अंडी पाण्याची वाट पाहतात. बावड्याच्या चाळींतली पोरेही हुशार आहेत. त्यांनी मात्र पाऊस पडेपर्यंत थांबावे, असे आम्हांस वाटत नाही.