पेम्बर्लीचं आमंत्रण

नाताळची प्रेमकथा कशी असते हे आता कुणाला सांगायला नको. शहरात पैसा मिळवून मन हरवून बसलेली नायिका गावी येते, बर्फ पडतं, मिसलटोच्या डहाळीखाली नको त्या माणसाचा मुका घेतला जातो आणि पुस्तक संपेपर्यंत तोच हवासा होतो. मेलिसा दे ला क्रूझबाईंनी २०१७ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड मिसलटो’ लिहिली ती याच घाटाची. फक्त त्यांनी जेन ऑस्टिनच्या डार्सीला बाई करून टाकलं, तीही न्यूयॉर्कची पैसेवाली, आणि बेनेटला सुतार! पुढच्याच वर्षी तिच्यावर सिनेमाही निघाला.

आता तुम्ही म्हणाल, जेनबाईंचा नि नाताळचा संबंध काय? आहे, पोस्टकार्डाएवढा. १८१३ च्या मूळ कादंबरीत लग्न ठरल्यावर एलिझाबेथ मामीला पत्र लिहिते आणि जाता जाता सगळ्यांना नाताळला पेम्बर्लीला बोलावते. बस्स. तिथं कोण आलं, पानात काय वाढलं, याबद्दल बाईंनी अक्षर काढलेलं नाही. लेखकमंडळी मात्र त्या एका आमंत्रणावर अजून पंगती उठवताहेत.

बरं, नाताळचं झाड म्हणावं, तर तेही त्या काळी साध्या इंग्रज घरात नव्हतं. शार्लट राणीनं १८०० साली विंडसरला एक उभं केलं होतं, पण घरोघरी त्याचं वेड पसरलं ते १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या झाडाचं चित्र छापून आल्यावर. जेनबाई तर १८१७ सालीच गेल्या.

नाताळातली प्रेमयाचना त्यांनी एकदा रंगवली आहे, ‘एमा’मध्ये. मेजवानीची दारू पोटात, बाहेर बर्फ, बंद गाडीत दोघंच. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं? पण याचना करणारा निघतो गावचा पाद्री, एल्टन. एमानं त्याला मैत्रिणीसाठी हेरून ठेवलेलं! मग जी काही शोभा होते ती विचारू नका. दुसऱ्या दिवशी नाताळ, पण बर्फामुळे चर्चला जाता येत नाही, म्हणजे त्याचं तोंड बघणं टळलं, याचंच एमाला समाधान.

बाईंना स्वतःलाही डिसेंबरातच मागणी आली होती. २ डिसेंबर १८०२, मॅनीडाउनच्या वाड्यात. मुलगा मैत्रिणींचा भाऊ, एकवीस वर्षांचा, इस्टेटीचा वारस. बाईंना सत्तावीस पुरी व्हायला चौदा दिवस कमी. त्या ‘हो’ म्हणाल्या. रात्र गेली. सकाळी त्यांनी ‘नाही’ सांगितलं आणि गाडी मागवून निघाल्या.

अहो, वाडा नाकारणं म्हणजे काही शेवेचं ताट परत पाठवणं नव्हे. १८०५ मध्ये वडील वारले आणि आई नि दोघी बहिणी भावांच्या आधारावर आल्या. आज इथं, उद्या तिथं, अशी बिऱ्हाडं करत साडेचार वर्षं काढली. १८०९ मध्ये भाऊ एडवर्डनं चॉटनला घर दिलं तेव्हा कुठं हक्काचं छप्पर मिळालं. पेम्बर्लीच्या मालकिणीचं ते हस्तलिखित याच घरात नव्यानं सारखं झालं. प्रकाशकाकडे बाईंनी दीडशे पौंड मागितले. त्यानं एकशे दहा दिले आणि सगळे हक्क घेतले, नाताळच्या त्या आमंत्रणासकट.