स्प्लाइनची दोन घराणी

ऑटोकॅडमध्ये 'एसपीएल' टाइप करून एंटर दाबलं की पहिला बिंदू विचारला जातो आणि त्याच ओळीत 'मेथड' असा एक पर्याय दिसतो. बहुतेक विद्यार्थी तो वाचतही नाहीत. चार-सहा क्लिक करतात, गुळगुळीत रेषा उमटते आणि काम झालं असं वाटतं. त्या पर्यायाच्या पोटात दोन नावं आहेत, 'फिट' आणि 'सीव्ही'. पहिल्याचं मूळ जहाजं बांधणाऱ्या गोद्यांमध्ये आहे, दुसऱ्याचं पॅरिसच्या मोटार कारखान्यांत. कॅड शिकवताना मी कमांडीच्या आधी ही कुळकथा सांगतो. ती एकदा कळली की कोणती पद्धत कधी घ्यायची, हे पाठ करावं लागत नाही.

गोदीपासूनच सुरुवात करू. जहाजाचा आराखडा कागदावर लहान मापात काढलेला असे. लाकूड कापायचं तर तो पूर्ण आकारात हवा, म्हणून गोदीतल्या एका लांबरुंद माडीच्या लाकडी जमिनीवर तो मोठा करून उतरवत. मग त्या रेषांवरून पातळ फळ्यांचे साचे आणि साच्यांवरून जहाजाच्या फासळ्या. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले वस्ताद ब्रिटिश आरमारासाठी जहाजं बांधत, तेव्हा आराखडे विलायतेहून समुद्रमार्गे येत. 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटचा आराखडा घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांच्या तावडीत सापडलं आणि नष्ट झालं. आराखड्यांचा दुसरा संच पाठवावा लागला. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ती सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

तर त्या जमिनीवरची वळणदार रेषा काढायची कशी? आराखड्यातून मापं मिळायची ती ठरावीक ठिकाणांची: इथे मध्यरेषेपासून इतके फूट, तिथे इतके. मधली जागा मोकळीच. कंपास कामाचा नाही, कारण जहाजाचं पोट वर्तुळाचा तुकडा नसतं. मग एक लांब, पातळ, बिनगाठीची लाकडी पट्टी घ्यायची, ती त्या खुणांना लावून वाकवायची आणि जागोजाग खिळ्यांनी किंवा वजनांनी धरून ठेवायची. हीच मूळची स्प्लाइन. पुढे कागदावरच्या कामासाठी छोट्या पट्ट्या आल्या आणि त्यांना धरायला शिशाची, पुढे आकडा असलेली वजनं. त्यांचा आकार पाहून कारागीर त्यांना 'बदकं' म्हणत. टेबलावर दहा-बारा बदकं चोची पट्टीवर टेकवून बसलेली, आणि ड्राफ्ट्समन पट्टीच्या कडेने पेन्सिल फिरवतो आहे, असं हे काम.

यातली खरी कारागिरी पट्टी लावण्यात नव्हती, तपासण्यात होती. एक डोळा मिटून, पट्टीच्या टोकाशी नजर खाली आणून तिच्या लांबीवरून पाहायचं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रेषेतला पोचा किंवा फुगवटा या नजरेला लगेच सापडतो. दुसरी परीक्षा त्याहून सुंदर आहे. मधलं एकच वजन अलगद उचलायचं. पट्टी जागची हलली नाही, तर ते वजन तिला नुसतं धरून होतं. ती ताडकन उसळली, तर ते वजन तिला दामटून बसवत होतं. म्हणजे तिथलं माप तरी चुकलंय किंवा मूळ आकारातच खोट आहे.

पट्टीला हे कसं कळतं? वाकवलेल्या लाकडात ताण साठतो आणि वजनांच्या अटी पाळून तो ताण कमीत कमी ठेवणारा आकार पट्टी आपणहून घेते. लिओनार्ड ऑयलरने अशा वाकलेल्या पट्टीचं गणित १७४४मध्ये मांडलं. वाक फार नसेल, तर दोन वजनांच्या मधल्या तुकड्याचं समीकरण तिसऱ्या घाताचं निघतं, आणि वजनापाशी एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना दिशाही तुटत नाही आणि वाकही तुटत नाही. दोन वर्तुळकंस एकमेकांना स्पर्शून जोडले की दिशा जुळते, पण वाक एकदम बदलतो. नव्या मोटारीच्या दारावर पडणारा ट्यूबलाइटचा प्रकाश नेमका अशाच जागी मोडलेला दिसतो.

हे गणित आकडेमोडीसाठी वापरायचं काम आयझॅक शोनबर्ग यांनी केलं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या तोफगोळ्यांच्या तक्त्यांवर काम करत होते. मोजलेल्या आकड्यांमधून नितळ रेषा जायला हवी, ही त्यांची अडचण होती. १९४६च्या शोधनिबंधात त्यांनी तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या अशा बहुपदींना ड्राफ्ट्समनच्या पट्टीचंच नाव दिलं. ऑटोकॅडमधली 'फिट' पद्धत ही या घराण्याची. आपण क्लिक केलेला प्रत्येक बिंदू म्हणजे एक बदक. रेषा त्याच्यातून जाणारच.

दुसरं घराणं वेगळ्याच अडचणीतून जन्मलं. १९५०च्या दशकाच्या शेवटी मोटारीचा आकार ठरायचा तो मातीच्या नाहीतर प्लॅस्टरच्या मॉडेलवर. त्यावरून ड्रॉइंग, ड्रॉइंगवरून लाकडी नमुना, नमुन्यावरून पत्रा ठोकायचे डाय. प्रत्येक टप्प्याला हाताने थोडं घासणं, थोडं भरणं चाले. शेवटी डाय आणि ड्रॉइंग जुळेनासे झाले की खरं कोणाचं, यावर वाद. अंकांवर चालणारी मिलिंग यंत्रं कारखान्यात येऊ लागली तेव्हा हा वाद मिटवायची सोय झाली, पण एका अटीवर: आकार यंत्राला अंकांत सांगता आला पाहिजे.

सिट्रोएनमध्ये १९५८ साली पॉल द कास्तेल्जो हा तरुण गणिती दाखल झाला. वर्षभरात त्याने एक उपाय शोधला. तो इतका साधा आहे की आलेखाच्या कागदावर करून पाहता येतो. मी वर्गात तो करूनच घेतो, संगणक बंद ठेवून.

आठ सेंटिमीटरचा चौरस घ्या. डावा खालचा कोपरा पहिला बिंदू, डावा वरचा दुसरा, उजवा वरचा तिसरा, उजवा खालचा चौथा. याच क्रमाने ते जोडा. तीन रेषा होतात, खालची बाजू मोकळी राहते. तिन्ही रेषांचे मध्यबिंदू काढून ओळीने जोडा. आता दोन रेषा. त्या दोघींचे मध्यबिंदू काढून जोडा. एकच रेषा उरली. तिचा मध्यबिंदू हा आपल्या वक्राचा बिंदू. मोजून पाहा, तो तळापासून बरोबर सहा सेंटिमीटरवर येतो. मध्याऐवजी सगळीकडे एक चतुर्थांश अंतर घेतलं की आणखी एक बिंदू मिळतो, तीन चतुर्थांश घेतलं की आणखी एक. असे पाच-सहा बिंदू झाले की कागदावर कमान उभी राहते. ती पहिल्या आणि चौथ्या बिंदूतून जाते. वरच्या दोन कोपऱ्यांना ती शिवत नाही, नुसती त्यांच्या ओढीने वर चढते. उजवा वरचा कोपरा जरा बाहेर सरकवून पुन्हा काढा, कमान तिकडे कलते. मुलांच्या चेहऱ्यावर 'अरे, एवढंच?' उमटतं ते याच वेळी, आणि त्यानंतर 'सीव्ही', म्हणजे 'कंट्रोल व्हर्टायसेस', वक्राला बाहेरून ओढणारे बिंदू, हे वेगळं समजावायची गरज उरत नाही.

सिट्रोएनने ही रीत धंद्याचं गुपित म्हणून कुलपात ठेवली. तिकडे रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६०मध्ये याच प्रश्नाला हात घातला होता. बेझिए १९३३पासून रेनोत होते आणि उत्पादनाच्या यंत्रसामग्रीत मुरलेले होते. त्यांची सुरुवातीची कल्पना गणितापेक्षा यंत्रकाराची वाटते. एका घनात एक वक्र बसवलेला आहे असं माना, आणि वक्राला हात न लावता तो घनच तिरपा करा, ताणा, दाबा. आतला वक्र आपोआप बदलेल. पुढे हीच कल्पना बिंदूंच्या मोडक्या रेषेत आली आणि त्यातून 'युनिसर्फ' ही प्रणाली उभी राहिली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती रेनोत प्रत्यक्ष वापरात होती. बेझिएंनी आपलं काम छापलं, रेनोने छापू दिलं, म्हणून वक्राला त्यांचं नाव लागलं. कास्तेल्जोचे अहवाल बाहेरच्यांच्या हाती १९७५च्या सुमारास लागले. आज वक्राला बेझिएंचं नाव आहे आणि तो काढण्याच्या रीतीला कास्तेल्जोचं. ही वाटणी मला न्यायाची वाटते. कास्तेल्जो २०२२ साली वारले. आपल्या रीतीवर किती जगाचं ड्रॉइंग चालतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

या दोघांनी खरी किमया केली ती अशी, की आकार घडवणाऱ्याला समीकरण कळायची गरज उरली नाही. बिंदू ओढा आणि पाहा. ज्याचा हात मातीवर बसलेला आहे, त्यालाही हे जमतं.

एक उणीव होती. एकाच बेझिए वक्रातला कुठलाही बिंदू हलवला तर सगळा वक्र थोडाफार हलतो. बंपरचं टोक दुरुस्त करताना दिव्याजवळचा आकार बदललेला कोणाला चालेल? इथे दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. शोनबर्गच्या तुकड्यांची जोडणी आणि बेझिएचे बाहेरून ओढणारे बिंदू एकत्र आले, तो बी-स्प्लाइन. १९७२मध्ये कार्ल द बोर आणि मॉरिस कॉक्स यांनी तो मोजायची सोपी, भरवशाची रीत स्वतंत्रपणे दिली. अमेरिकेत सिराक्यूस विद्यापीठात रिचर्ड रीझनफेल्ड यांनी तो संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये आणला. तिथेच केन व्हर्स्प्रिल यांनी १९७५च्या प्रबंधात प्रत्येक बिंदूला कमी-जास्त वजन द्यायची सोय मांडली.

ही सोय कशाला? कारण साध्या बेझिएने अचूक वर्तुळ निघतच नाही. चार तुकडे जोडून जवळपास वर्तुळ होतं, फरक त्रिज्येच्या ०.०२७ टक्के. शंभर मिलिमीटर त्रिज्येवर तो २७ मायक्रॉन भरतो. पोस्टरसाठी हे काहीच नाही, पण बेअरिंग बसवायच्या भोकाला एवढी चूक महाग पडते. बिंदूंना वजन दिलं की वर्तुळ, लंबवर्तुळ आणि मोकळं वळण सगळं एकाच गणितात मावतं. अशा वजन दिलेल्या बिंदूंच्या बी-स्प्लाइनला नर्ब्ज म्हणतात. बोईंगमध्ये निरनिराळ्या विभागांच्या प्रणाली निरनिराळे वक्र वापरत आणि फाइल इकडून तिकडे गेली की आकार बिघडे. १९८१मध्ये त्या कंपनीने नर्ब्जला देवाणघेवाणीच्या 'आयजेस' प्रमाणात घ्यावं असं सुचवलं.

ऑटोकॅड १९८२च्या अखेरीस बाजारात आलं, पण खरी स्प्लाइन त्यात आली ती १९९४च्या रिलीज १३मध्ये. त्याआधी पॉलिलाइन काढून 'पीएडिट'ने ती वळवावी लागे, आणि ते वळण म्हणजे बारीक बारीक सरळ तुकड्यांची माळ असे. झूम केलं की कोपरे दिसत.

आता पुन्हा त्या 'मेथड'कडे. शिकणारा एखाद्या हँडलचं छायाचित्र पडद्यावर ठेवतो आणि त्याच्या कडेवर जवळजवळ क्लिक करत जातो. जितके जास्त बिंदू तितकी रेषा अचूक, असा त्याचा समज. फिट पद्धतीत प्रत्येक क्लिक हे एक बदक आहे आणि प्रत्येक क्लिकमध्ये हाताचा बारीकसा थरकाप आहे. रेषा सगळ्यांतून जाते, म्हणून सगळे थरकाप पाळते. त्या रेषेवरून पृष्ठभाग बनवला आणि वक्रतेचा 'कोम्ब', म्हणजे जागोजागचा वाक दात्यांच्या उंचीने दाखवणारी फणी, लावला की दाते वरखाली नाचतात. जुन्या ड्राफ्ट्समनला पट्टीशी नजर लावून जे दिसायचं, तेच हे दाते दाखवतात. अशा वेळी सीव्ही घ्यावी, पाच-सहा बिंदूंत आकार पकडावा, बिंदू कडेच्या बाहेर पडले तरी घाबरू नये.

उलट, सर्व्हेवाल्याने मोजून आणलेल्या समोच्च रेषेचे बिंदू असतील, किंवा कॅमचा उचल-तक्ता असेल, तर फिटच हवी. ती मापं कोणीतरी उन्हात उभं राहून किंवा डायल गेज लावून घेतलेली असतात. रेषेने ती चुकवता कामा नये. तिथेही शंका आली तर जुनी परीक्षा करता येते. फिट बिंदूच्या ग्रिपवर कर्सर नेला की 'रिमूव्ह फिट पॉइंट' मिळतो. एक बिंदू काढा. रेषा जागेवर राहिली तर बिंदू बरोबर होता आणि नसता तरी चाललं असतं. ती उसळली तर मापवहीत परत पाहा. पाहून झालं की अनडू.

हे वळण ड्रॉइंगपुरतं राहिलेलं नाही. तुम्ही वाचता आहात त्या छापील किंवा पडद्यावरच्या देवनागरी अक्षरांच्या कडा बेझिए वक्रांच्याच आहेत. अडोबीच्या १९८०च्या दशकातल्या पोस्टस्क्रिप्टने तिसऱ्या घाताचे वक्र घेतले, १९९१मध्ये आलेल्या ॲपलच्या ट्रूटाइपने दुसऱ्या घाताचे. म्हणून पोस्टस्क्रिप्टमधलं अक्षर ट्रूटाइपमध्ये नेताना त्याच कडेला जास्त बिंदू लागतात. 'ळ'च्या दोन्ही गाठी किंवा मराठी वळणाचा 'ल' रेखणारा अक्षरकार बिंदू शक्यतो वळणाच्या टोकांवरच ठेवतो, सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि उजवीकडे, आणि मधली कड बाहेरचे ओढणारे बिंदू सरकवून सांभाळतो.